घोलवडला थांबणारी मालगाडी

मोठी माणसं खेळण्यातल्या आगगाडीवरून भांडतात आणि घरातल्या बायका त्यांच्यासाठी चहा उकळत बसतात, हे मी सासरी आल्यावर पहिल्यांदा पाहिलं. माझं माहेर तलासरीचं. तिथे आगगाडी नव्हतीच. वडील शाळामास्तर, पार वेवजीपर्यंत सगळे त्यांना ओळखत, पण गाडीत बसायचं तर त्यांनाही आधी मोटारीने डहाणूला यावं लागे. मी थोडं शिकले ते कोसबाडला. लहान मुलांना शिकवायचं म्हणून कागदकाम, मातीकाम शिकले, आणि लग्न होऊन घोलवडला आले तेव्हा ते सगळं सासऱ्यांच्या आगगाडीच्या उपयोगी पडलं. तेव्हा पन्नासचं दशक संपत आलं होतं.

आमची चिकूची वाडी रुळाला लागून. आमचं मागचं कुंपण आणि रेल्वेचे रूळ यांच्यामध्ये एक चर तेवढा. माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामंजींचा, अर्धा जन्म स्टेशनवर गेलेला. चिकूच्या करंड्या रोज गाडीने मुंबईला जायच्या, आणि आपली करंडी चढली हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे. या रोजच्या जाण्यायेण्यातून त्यांचं रेल्वेच्या माणसांशी मेतकूट जमलं. पुढे शेजारच्या इराणी वाडीमालकाची मुलं मोठी झाली आणि त्यांच्यासाठी विलायतेहून आणलेली चावीची गाडी त्याने मामंजींना देऊन टाकली. एक इंजिन, मालाचे डबे, शेवटी गार्डचा डबा, आणि पेटीभर रूळ. त्या पेटीभोवती मंडळ उभं राहिलं. मामंजी, घोलवड स्टेशनवरचे माल-बाबू, जवळच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर, आणि डहाणूत घर बांधून राहिलेले एक निवृत्त इंजिन ड्रायव्हर. लोकांच्या अंगणात दिवाळीत पोरं किल्ला करतात. आमच्याकडे चिकू भरायच्या शेडमध्ये चार बाप्ये गुडघ्यांवर बसून रेल्वे करायचे.

डोंगर करायचं काम बायकांचं. रद्दी भिजवायची, त्यात मेथी वाटून घालायची म्हणजे किडा लागत नाही, आणि तो लगदा टोपलीवर थापायचा. सासूबाई आणि मी मिळून डहाणूच्या महालक्ष्मीचा डोंगर केला तेव्हा आठवडाभर घराला मेथीच्या लाडवांचा वास येत होता, आणि लाडू मात्र नव्हते. चिकूच्या काळ्या चकचकीत बिया आम्ही धुऊन ठेवायचो. इंजिनामागच्या डब्यात घातल्या की हुबेहूब कोळसा. डहाणूच्या खाडीला निळा कागद, रुळाखाली चाळलेली रेती, आणि फलाटावर काड्यापेटीएवढ्या चिकूच्या करंड्या. डहाणूहून निघालेली गाडी घोलवड, बोर्डी रोड, उंबरगाव घेत डोंगराच्या बोगद्यात शिरायची आणि पुन्हा डहाणूला बाहेर पडायची. खऱ्या रेल्वेला हे जमलेलं नाही.

मंडळात ड्रायव्हरसाहेबांचा शब्द चाले. गाडी खेळण्यातली असली तरी नियम खेळण्यातले नाहीत, असं ते म्हणत. एकाने गार्ड व्हायचं, हातात हिरवी आणि लाल झेंडी धरायची. हिरवी दिसल्याशिवाय गाडी हलायची नाही. लाल दिसली की आधी थांबायचं, कारण मागून विचारायचं. आणि गार्ड नसेल तर गाडीच नाही. एकदा गार्ड झालेले चित्रकलेचे मास्तर चहा प्यायला स्वयंपाकघराकडे आले आणि सासूबाईंशी गप्पा मारत बसले. तिकडे गावची माणसं उभ्या गाडीकडे बघून कंटाळली आणि निघून गेली, पण ड्रायव्हरसाहेबांनी ब्रेक सोडू दिला नाही. मला तेव्हा हा शुद्ध वेडेपणा वाटला होता.

मामंजींचं दुखणं वेगळं होतं, आणि ते गावाला ठाऊक होतं. त्यांना दोन मुलगे. थोरले म्हणजे आमचे हे, वाडी सांभाळणारे. धाकटे माझे दीर. धाकट्या भाऊजींच्या हाताला गुण होता. रायणीच्या, म्हणजे खिरणीच्या, रोपावर चिकूचं कलम बांधावं तर त्यांनीच. आमच्या ह्यांनी बांधलेली निम्मी कलमं वाळून जात, भाऊजींची सहसा फुकट जात नसत. मामंजी त्यांना घेऊन लोकांच्या वाड्यांतून मिरवत. आणि या मुलाने एक दिवस सांगितलं की मला रेल्वेत गार्डची नोकरी लागली, मी वलसाडला चाललो. खरं म्हणजे नवल वाटायचं कारण नव्हतं. लहानपणापासून घरात रेल्वे मांडून बसलात, तर पोरगा काय शिकेल? पण मामंजींच्या लेखी खेळ वेगळा आणि नोकरी वेगळी. उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी, हे त्यांनी आयुष्यभर लोकांना ऐकवलेलं.

"ज्याचा हात कलमाला लागतो, त्यानं झेंड्या हलवायच्या?" असं ते ओट्यावर उभं राहून ओरडले. "नोकरी धरलीस तर या घराची पायरी चढू नकोस."

शेडमध्ये तेव्हा करंड्या भरायला पाड्यावरची माणसं बसली होती. चारचौघांत बोललेला शब्द मागे घेणं मामंजींच्या रक्तात नव्हतं. भाऊजींनीही ट्रंक उचलली ती सरळ स्टेशनावर. दोघं एकाच माळेचे मणी. नंतर ते खरोखरच पायरी चढले नाहीत. गणपतीला नाहीत, दिवाळीला नाहीत.

त्यांची मालगाडी मात्र आमच्या कुंपणावरून जायची. थ्रू गाडी, म्हणजे घोलवडला न थांबणारी. सासूबाईंना माल-बाबूंकडून तिची खबर लागे. त्या दिवशी त्या विहिरीपलीकडे कुंपणापाशी जाऊन उभ्या राहत. गाडी धडधडत निघून जायची, सगळ्यात शेवटी गार्डचा डबा यायचा, आणि त्याच्या कठड्यापाशी पांढऱ्या कोटातला मुलगा हिरवी झेंडी थोडी जास्तच हलवायचा. तेवढ्यावर सासूबाई परत येऊन भाकरी थापायला बसत. मामंजी त्याच वेळी नेमके पाटाचं पाणी बघायला मागे गेलेले असत. गाडीकडे पाठ करून उभे राहत, पण गाडी गेल्याशिवाय परत येत नसत.

त्यानंतरच्या दिवाळीत शेडमध्ये गाडी मांडली, तेव्हा मामंजींनी एक गोष्ट केली. घोलवडच्या रुळांमध्ये एक खिटी होती. ती वर केली की जाणारं इंजिन आपोआप थांबे. मामंजी त्या खिटीजवळ स्टूल टाकून बसले आणि मालगाडी आली की खिटी वर करू लागले.

"थ्रू गाडीला घोलवडला थांबा नाही," ड्रायव्हरसाहेब म्हणाले.

"माझ्या घोलवडला आहे," मामंजी म्हणाले.

ड्रायव्हरसाहेबांनी तेवढ्यावर सोडून दिलं. का थांबवतात ते सगळ्यांना समजत होतं. फक्त आमच्याकडे चिकू उतरवायला येणारी तलासरीकडची एक म्हातारी, तिला हे काही माहीत नव्हतं, ती वाकून बघत म्हणाली, "या मागल्या डब्यात कोनी नाय का?"

"नाही," मामंजी म्हणाले, आणि खिटी खाली केली. मला त्या क्षणी त्यांचा राग आला. एक हाक मारली की येईल असा मुलगा, आणि हा माणूस त्याची पत्र्याची गाडी अडवून बसलाय.

असं दोन-तीन दिवाळ्या चाललं. मग डहाणूला स्टेशनजवळ एका गुजराती शेटनं नवं दुकान काढलं. दुकान कसलं, एका छपराखाली सगळा बाजारच. एका अंगाला साड्या, एका अंगाला भांडी, पलीकडे बूट-चपला, कंदील, घड्याळं, आणि मध्ये ऐसपैस मोकळी जागा. आमच्या भागात तोवर असं काही नव्हतं. शेटला कुठून तरी मंडळाच्या गाडीचं कळलं. दिवाळीत गाडी माझ्या दुकानात मांडा, लोक गाडी बघायला येतील आणि साडी घेऊन जातील, असा त्याचा सरळ हिशेब. मंडळाला आकाश ठेंगणं झालं. चित्रकलेच्या मास्तरांनी नवी स्टेशनं रंगवली. महालक्ष्मीचा डोंगर बैलगाडीतून डहाणूला गेला, आणि वाटेत त्याचा कळस चेपला तो मी तिथे बसून पुन्हा थापला.

पण ड्रायव्हरसाहेबांनी या वेळी पाय रोवले. "शेडमध्ये चाललं ते चाललं. इथे डहाणूचा सगळा स्टाफ बघायला येणार. थ्रू गाडी घोलवडला उभी दिसली तर माझं हसं होईल. थ्रू गाडी थ्रू जाईल, नाहीतर मी येत नाही."

मामंजी म्हणाले, गाडी माझी आहे, मी ती घरी नेतो. माल-बाबू दोघांच्या मध्ये पडले. बरीच वादावादी झाली. शेवटी शेट आला आणि दोघांनाही उसाचा रस देऊन म्हणाला, "काका, गाडी ऊभी राखीने शुं काम? चालती गाडी जोवा लोक आवे छे." उभ्या गाडीकडे कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. मामंजींनी रस संपवून पेला खाली ठेवला. त्यांनी शब्द दिला. खिटीला हात लावणार नाही म्हणाले. आणि त्यांचा शब्द म्हणजे काय चीज असते ते आम्ही घरात बघतच होतो.

दुकानात मोठ्या टेबलावर गाडी सुरू झाली. माणसांची झुंबड. तलासरीहून, वेवजीहून मोटारीने आलेली, पाड्यांवरून चालत आलेली, पोरं खांद्यावर घेतलेली. मामंजी घोलवडपाशी बसून असत, हात मांडीवर. मालगाडी यायची आणि त्यांच्या नाकासमोरून निघून जायची. लोक वाहवा करत होते. मामंजी घरी आले की न बोलता जेवत आणि आडवे होत. शेडमध्ये भांडायचे ते बरं होतं, असं मला वाटू लागलं.

सासूबाईंचं डोकं अशा वेळी चालतं. त्यांनी माल-बाबूंना घरी बोलावून करंज्या खायला घातल्या आणि निरोप दिला.

"त्याला सांगा, दुकानात गाडी मांडलीय, बघायला ये. घराची पायरी चढायची मनाई आहे. दुकानाच्या पायरीबद्दल कुणी काही बोललेलं नाही."

मी चाट पडले. इतकी वर्षं ही बाई कुंपणापाशी उभी राहत होती, आणि मनात मामंजींचं ते वाक्य वकिलासारखं तपासत होती. मात्र मामंजींना सांगायचं नाही असं ठरलं. त्यांना कळलं असतं तर ते त्या दिवशी घरीच राहिले असते.

भाऊबीजेच्या आदल्या दिवशी, म्हणजे पाडव्याला, दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. सासूबाई आणि मी दुपारीच गेलो होतो. सासूबाई गाडीकडे फिरकल्याच नाहीत. साड्यांच्या गादीवर बसल्या आणि गुमास्त्याला एकामागून एक साडी काढायला लावू लागल्या. मी मात्र डोंगराशेजारी उभी राहिले, कळस पुन्हा चेपला तर हात लावायला म्हणून.

भाऊजी आले ते ड्यूटीवरून उतरून तसेच. पांढरा कोट, काखेत गुंडाळलेल्या दोन झेंड्या. थोडे वाळले होते, काळवंडले होते. ते दारातून आत आले आणि गर्दीच्या मागेच थांबले. मामंजींनी त्यांना पाहिलं. पाहिलं हे मला कळलं, कारण त्यांनी लगेच मान खाली घालून रुळावरची नसलेली धूळ धोतराच्या सोग्याने पुसायला घेतली.

ड्रायव्हरसाहेबांना माल-बाबूंनी काही सांगितलं होतं की नाही, मला माहीत नाही. ते आपले मोठ्याने म्हणाले, "अरे, खरा गार्ड आला! सरा बाजूला. या साहेब, आजची गाडी तुम्ही काढा."

लोकांनी वाट दिली. भाऊजी पुढे आले, डहाणू स्टेशनच्या बाजूला उभे राहिले. पलीकडे घोलवड, तिथे मामंजी. मध्ये खाडी, वाड्या आणि माझा डोंगर. दोघांमध्ये दोन हातांचं अंतर असेल, पण बाप मुलाकडे बघेना आणि मुलगा बापाकडे बघेना.  वाटलं, हे असंच होणार. भाऊजी गाडी बघतील, सलाम करतील आणि वलसाडला निघून जातील. मग परत तेच कुंपण.

ड्रायव्हरसाहेबांनी चावी भरली. भाऊजींनी काखेतली हिरवी झेंडी उलगडली आणि दाखवली. खरी झेंडी. त्या टेबलावर ती पडद्याएवढी दिसत होती. मालगाडी सुटली, खाडीचा पूल ओलांडला, चिकूच्या वाड्यांतून वळली. घोलवड जवळ आलं. मामंजींचा उजवा हात खिटीकडे गेला आणि तिथून परत आला. डाव्या हाताने त्यांनी उजवा हात धरून ठेवला. शब्द दिला होता.

इंजिन घोलवडच्या फलाटाला लागलं आणि भाऊजींनी लाल झेंडी काढली.

"लाल!" ड्रायव्हरसाहेब ओरडले. "लाल आहे! थांबवा!"

मामंजींनी खिटी वर केली. गाडी खट्कन उभी राहिली. गार्डचा डबा बरोबर त्यांच्यासमोर होता.

 मागून शेटचा आवाज आला, "गाडी केम ऊभी राखी? घराक जोवा आव्या छे!" गाडी बघायला आलेल्या गिऱ्हाइकांची त्याला काळजी. ड्रायव्हरसाहेब नियमाने टेबलाला वळसा घालून भाऊजींपाशी आले. लाल दिसली की आधी थांबायचं आणि कारण मागून विचारायचं.

"गार्डसाहेब, थ्रू गाडी घोलवडला थांबवलीत. कारण?"

भाऊजींनी झेंडी खाली केली. ते ड्रायव्हरसाहेबांकडे बघत नव्हते.

"गार्डला इथे उतरायचंय," ते म्हणाले.

मामंजींनी त्या पत्र्याच्या डब्यावरून एकदा बोट फिरवलं.  मला वाटलं आता उठून जातात. मग ते नेहमीच्याच आवाजात, पाण्याचा पाट फुटल्यावर गड्यावर खेकसावं तसे म्हणाले, "मग उतर की. कुणी धरून ठेवलंय? तिकडे यंदाची सगळी कलमं वाळली."

त्यातली निम्मी माझ्या नवऱ्याने बांधलेली होती, पण मला त्या दिवशी ते लागलं नाही. मी डोंगराच्या मागे तोंड करून रडले, आणि पदराने डोळे पुसले तेव्हा पदराला मेथीचा वास येत होता.

साड्यांच्या गादीवर सासूबाई पाठमोऱ्याच होत्या. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नव्हतं, पण सगळं ऐकलं होतं. समोर साड्यांचा ढीग. गुमास्ता वैतागून गेलेला.

"यातली कुठली देऊ, बाई?"

"कुठलीही दे," सासूबाई म्हणाल्या. "मला घरी जायचंय. स्वयंपाक व्हायचाय."

भाऊजींनी नोकरी सोडली नाही, आणि मामंजींनी ती चांगली आहे असं कधी म्हटलं नाही. रजा मिळाली की भाऊजी येत आणि कोट काढून कलमं बांधायला बसत. त्यावर बापलेकांची भांडणंही होत, ती आमच्या ओट्यावर, सगळ्यांसमोर. त्या दिवशी मात्र शेट फार चिडला. पाडव्याचं गिऱ्हाईक, दुकान खचाखच भरलेलं, आणि गाडी घोलवडला उभी. तो हात जोडून म्हणू लागला, आता तरी सोडा. मामंजी आणि भाऊजी तोवर सासूबाईंच्या पिशव्या घेऊन स्टेशनाकडे निघालेसुद्धा होते. माल-बाबूंनी खिटीला हात घातला, तर ड्रायव्हरसाहेबांनी त्यांचा हात बाजूला केला.

"गार्ड उतरलाय," ते म्हणाले. "गार्डशिवाय गाडी नाही."